दुखत नाहीं, म्हणून रोग नाहीं काय ?

अहिल्यानगरच्या बाजारपेठेंत सकाळीं एखादें दुकान उघडलें नाहीं, म्हणजे शेजारी चौकशी करितात आणि उत्तर येतें, "काल संध्याकाळपर्यंत गादीवर बसले होते, अचानक गेले." ऐकणारे हळहळतात, ईश्वरेच्छा म्हणतात आणि आपापल्या कामास लागतात. आमची हरकत या 'अचानक' शब्दासच आहे. ज्याच्या रक्ताचा दाब दहा वर्षें वाढलेला होता व तो एकदांही कोणीं मोजला नाहीं, त्याचें मरण अचानक आलें असें म्हणणें, म्हणजे दहा वर्षें खतावणी न उघडणाऱ्या व्यापाऱ्यानें दिवाळें अचानक निघालें म्हणून कपाळ बडवून घेण्यासारखें आहे.

प्रौढ माणसांस गांठणारे नित्याचे रोग फारसे गूढ नाहींत. रक्तदाब, मधुमेह, क्षय, पंडुरोग, दमा हीं नांवें सर्वांच्या ओळखीचीं आहेत. यांतील पहिले दोन तर बहुधा मुकेच असतात. दाब वाढला म्हणून डोकें दुखतेंच असें नाहीं. मधुमेहाचा रोगी वर्षानुवर्षें धडधाकट दिसतो, आणि तेवढ्या अवधींत त्याचीं मूत्रपिंडें, डोळे व पायांच्या नसा आंतून झिजत असतात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील पुरुषांपैकीं शेंकडा २४ व स्त्रियांपैकीं शेंकडा २१ जणांचा दाब वाढलेला, अथवा त्यासाठीं औषध चालू असलेलें आढळलें. तेव्हां 'आमच्या घरांत हा रोग नाहीं' असें न मोजतां म्हणण्याचा अधिकार कोणासच उरत नाहीं.

बरें, निदान तरी अवघड आहे काय ? निरनिराळ्या दिवशीं माणसास स्वस्थ बसवून दाब मोजावा. वरचा आंकडा १४० अथवा खालचा ९० यांस वारंवार पोहोंचत असेल, तर उपचार हवा. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ किंवा अधिक भरली व दुसऱ्या तपासणींतही तेंच दिसलें, तर तो मधुमेह होय. खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर औषधाच्या बाटल्या रिचवीत न बसतां थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यांत मोफत आहे, आणि साधा क्षय सहा महिने नेमानें औषध घेतल्यास बरा होतो.

यावर सुशिक्षितांचेही आक्षेप आम्ही ऐकले आहेत. "गोळी एकदां लागली कीं जन्माची लागते." बहुधा लागते, हें खरें, पण चष्माही जन्माचा लागतो, म्हणून कोणी आंधळेपण पत्करीत नाहीं. "दाब उतरला, म्हणून औषध सोडलें." दाब औषधामुळेंच उतरला होता, छत्रीखालीं अंग कोरडें राहिलें म्हणून भर पावसांत छत्री मिटणाऱ्यास काय म्हणावें? तिसऱ्या वर्गास सुई टोचल्यावांचून डॉक्टर डॉक्टरच वाटत नाहीं. साध्या पडशास प्रतिजैविक न देतां "चार दिवसांत उतरेल" असें सांगणारा डॉक्टर त्यांस अडाणी वाटतो. वस्तुतः त्यांचा खरा हितकर्ता तोच होय.

हें सारें मोठ्या इस्पितळांवांचून व्हावयाचें नाहीं, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील जामखेडकडे पाहावें. वेल्लोर येथें शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं तेथें काम आरंभिलें. त्यांनीं गांवकऱ्यांनीं निवडलेल्या स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण दिलें. त्यांतील पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित समाजांतील. त्या घरोघर जाऊं लागल्या, बाळंतिणी व मुलें सांभाळूं लागल्या, क्षय व महारोग ओळखूं लागल्या. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि देशोदेशींचे लोक जामखेडास शिकावयास आले. जें परदेशांनीं पाहिलें, तें जिल्ह्याच्या मुख्य शहरानें घेऊं नये काय ? आमच्या शहरांत डॉक्टरांच्या पाट्या गल्लोगल्लीं आहेत, परंतु "गतवर्षीं दाब वाढला होता, आतां कसा आहे?" असें दारांत येऊन नेमानें पुसणारें माणूस किती घरांस लाभतें ?

म्हणून आमची सूचना साधी आहे. तीस वर्षांवरील माणसांच्या तपासणीची सरकारी योजना चालू आहे. तिची वाट आपण दवाखान्यापासून बाजारापर्यंत आणावी. कापड बाजार, आडते बाजार व दाळमंडई येथील व्यापाऱ्यांनीं महानगरपालिकेच्या आरोग्यखात्याशीं बोलून दरमहा एक संध्याकाळ नेमावी, तपासलेल्यांची नोंदवही ठेवावी, आणि जो पुढल्या वेळीं आला नाहीं त्याच्याकडे निरोप धाडावा. नोंदीवांचून तपासणी म्हणजे वसुलीवांचून उधारी. या नोंदवहींत शेटजींचें नांव असावें, तसेंच त्यांच्या दिवाणजींचें व पोतीं वाहणाऱ्या हमालाचेंही असावें. हमालास त्यासाठीं तासाभराची मजुरी गमवावी लागूं नये. आणि घरांत सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रीचें नांव तर आधीं असावें. तिचा थकवा हा स्वभाव नसून पंडुरोग असूं शकतो, हें रक्त तपासल्याखेरीज कळावयाचें नाहीं.

दिवाळींत चोपडीपूजन होतें, जुनें खातें मिटून नवें उघडतें. यंदा त्या पूजनाआधीं घरांतील व दुकानांतील प्रत्येक प्रौढानें आपला दाब व साखर मोजून घ्यावी. ज्या पेढीस पैपैचा हिशेब ठाऊक आहे, तिला आपल्या माणसांचे हे दोन आंकडे ठाऊक नसावे, ही लाजेची गोष्ट होय. रोकड घटली तर पुन्हां जमवितां येते. गादीवरचें माणूस एकदां उठून गेलें, कीं तें खातें कायमचेंच बंद होतें.