बावीस युरोंची बर्बन आणि किमतीचा भ्रम

स्वस्त बर्बन कोकमध्ये ओतायची, चाखायची असेल तर सिंगल माल्ट आणायची, हे मत डब्लिनच्या मराठी बैठकींत इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. शहराच्या उत्तरेचे ब्युमॉन्ट घ्या. गिनेस बिअरच्या आर्थर गिनेसचे घर एकेकाळी इथे होते.  अशा उपनगरातल्या घरी शनिवारी रात्री यजमानाने जिम बीमसारखी साधी बर्बन टेबलावर ठेवली, तर पाहुणे समजूतदारपणे हसतात. झाकण उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. त्यामागे तीन दावे आहेत: स्वस्त म्हणजे हलक्या मालाची, महाग म्हणजे चवदार, आणि चव घेणे हे जाणकारांचे काम, ते घरच्या टेबलावर होत नाही.

पहिला दावा पाहुणे गावाकडून घेऊन आले आहेत, आणि तिकडे तो खोटा नाही. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त बाटल्यांत उसाच्या मळीपासून काढलेले स्पिरिट असते. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून तो माल तिथे त्या नावाने विकताच येत नाही. परमिट रूममध्ये क्वार्टर मागवत मोठा झालेला माणूस ‘स्वस्त म्हणजे मळी’ हे समीकरण डोक्यात घेऊन परदेशी गेला, तर त्यात नवल काही नाही.

पण हे समीकरण बर्बन या अमेरिकी व्हिस्कीला लागू पडत नाही. अमेरिकी नियमांनुसार बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात अल्कोहोल 80 टक्क्यांवर जाता कामा नये, नाहीतर धान्याची चव उडून जाते. पिंप ओकचे, कोरे आणि आतून जाळलेले हवे. त्यात भरताना तीव्रता 62.5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. लेबलावर ‘स्ट्रेट’ असेल तर किमान दोन वर्षे पिंपात गेलेली असतात आणि रंग किंवा स्वाद मिसळायला मनाई असते. स्कॉच आणि आयरिश व्हिस्कीत मात्र कॅरामलचा रंग घालायला कायद्याची परवानगी आहे. म्हणजे ‘रंग मारलेला माल’ हा टोमणा स्ट्रेट बर्बनला, मग ती कितीही स्वस्त असो, मारता येत नाही.

आणखी एक गंमत. पिंप दर वेळी कोरे लागत असल्याने बर्बनवाल्यांना तेच पिंप पुन्हा वापरता येत नाही. अशी रिकामी पिंपे मोठ्या संख्येने आयर्लंड आणि स्कॉटलंडला जातात. जेमसन या आयरिश व्हिस्कीमधल्या व्हॅनिलाच्या गोडव्याचे कौतुक करून बर्बनला नाक मुरडणारा पाहुणा त्या गोडव्यातला मोठा वाटा बर्बनच्याच जुन्या पिंपाचा आहे, हे विसरतो.

दुसरा दावा किमतीचा, आणि आयर्लंडमध्ये तो सगळ्यात कच्चा आहे. 4 जानेवारी 2022 पासून तिथे अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे किमान 10 सेंट आकारावे लागतात. 40 टक्क्यांच्या 700 मिलीच्या बाटलीत सुमारे 221 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणून ती साधारण 22 युरोंच्या खाली विकता येत नाही. ज्या विधेयकातून ही तरतूद आली, ते 2015 साली मांडले गेले तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड; 2018 साली विधेयक मंजूर झाले तेव्हा तेच पंतप्रधान होते. मद्याचा खप आणि त्यातून होणारी हानी कमी व्हावी, हा हेतू. बाटलीत मका किती, पिंपात वर्षे किती, याच्याशी या बावीस युरोंचा काही संबंध नाही.

तीच बाटली पुण्यात ‘इंपोर्टेड’ म्हणून मिरवते. भारतात बर्बनवर 150 टक्के आयातशुल्क होते, फेब्रुवारी 2025 मध्ये ते 100 टक्क्यांवर आले. जकातीने बाटलीचा रुबाब वाढतो, आतला द्रव तोच राहतो.

किंमत जिभेला कशी फसवते, हेही तपासले गेले आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली गेली. महाग सांगितलेला घोट लोकांना अधिक आवडला, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी संबंधित भागातली हालचालही वाढलेली दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक चाचण्या किंमत लपवून घेतल्या होत्या. सामान्य पिणाऱ्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. प्रयोग वाइनचे होते हे खरे, पण किंमत ऐकणारे कान आणि चाखणारी जीभ इथेही त्याच माणसाची असते.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. वेळेला पैसे पडतात. पिंपातली दारू दरवर्षी थोडी उडून जाते, गोदाम अडून राहते. म्हणून स्वस्त बर्बन सहसा तरुण असते. कधी पातळ लागते, कधी तिला नेलपॉलिशसारखा वास येतो. पण जास्त वर्षे म्हणजे हमखास जास्त चव, असेही नाही. बर्बनच्या माहेरी, अमेरिकेतल्या केंटकीच्या कडक उन्हाळ्यात पिंपात फार काळ राहिलेल्या बर्बनमध्ये लाकडाचा कडवटपणाच वर येतो.

तिसरा दावा घरच्या टेबलावरच निकालात निघतो. तोंडाशी निमुळते असे दोन ग्लास घ्यावेत. एकात स्वस्त, दुसऱ्यात महाग, प्रत्येकी 15 मिली. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा; खूण ग्लासच्या तळाला. चकणा बाजूला, कारण तिखट फरसाणानंतर जिभेला काही कळत नाही. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवावेत, म्हणजे नाकाला अल्कोहोलचा चटका बसत नाही. पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी. दुसऱ्या घोटात मक्याचा गोडवा, जळक्या साखरेचा वास, मागाहून राय धान्याचा मिरीसारखा तिखटपणा लागतो का, ते पाहावे. मग चमचाभर पाणी. पाण्याने व्हिस्की बिघडते म्हणणाऱ्यांसाठी: स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2017 साली संगणकीय गणनेतून दाखवले, की पाणी घातल्यावर ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे वास दबत नाही, वर येतो.

‘स्वस्त दारूची भलामण म्हणजे व्यसनाला निमंत्रण’ हा आक्षेप गंभीर आहे. पण या दोन ग्लासांत मिळून साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल होते, आयर्लंडच्या 10 ग्रॅमच्या एका प्रमाणित पेयापेक्षाही कमी. चाखणारा तिथे थांबतो. कोकमध्ये ओतणारा किती प्यायला, हे त्यालाच कळत नाही.

तेव्हा पुढच्या शनिवारी पाहुण्यांना बाटल्या दाखवू नका, ग्लास द्या. लेबलावर ‘स्ट्रेट’ आहे का आणि वय लिहिले आहे का, एवढे दुकानातच बघून घ्या; बाकीचा निकाल त्यांच्या जिभेवर सोपवा, आणि किंमत शेवटी सांगा.