थंड जागा म्हणजे नेमकी कुठली?

मे महिन्याच्या अखेरीस एक सूनबाई दवाखान्यात आल्या. सोबत सासरे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या मनगटाला प्लास्टर. कर्करोगाच्या वेदनांसाठी आणि झोपेसाठी अप्पांना मी विजयेच्या अर्काचे तेल देत होतो. विजया म्हणजे आपली भांग. फेब्रुवारीत सहा थेंबांवर त्यांना छान झोप लागे. मार्चअखेर ती उडू लागली, तेव्हा मीच आठ थेंब सांगितले आणि पुढे दहा. मेमध्ये बाटली संपली. घरच्यांनी दुकानातून नवी आणली आणि तेच दहा थेंब दिले. त्या रात्री अप्पा लघवीला उठले, तोल गेला आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडले.

"डॉक्टर, माझ्या हातून जास्त पडलं का हो?" सूनबाईंनी विचारले. त्यांच्या हातून एकही थेंब जास्त पडला नव्हता. मी विचारले, जुनी बाटली कुठे ठेवत होता? म्हणाल्या, देव्हाऱ्याशेजारी खिडकीत, म्हणजे रोज आठवण राहते. खिडकी पश्चिमेची, वर पत्रा, आणि आमच्या खानदेशातला एप्रिल-मे!

शरीराला औषधाची सवय होते, म्हणून मात्रा वाढवावी लागते, हे खरेच आहे. मीही तेवढाच विचार केला होता. पण सवयच झाली असती, तर नवी बाटली इतकी चढली नसती. जुन्या बाटलीतले औषध हळूहळू उतरत होते आणि आम्ही थेंब वाढवत होतो. बाटली कुठे ठेवली आहे, हे मार्चमध्येच विचारायला हवे होते. ती चूक माझी.

भांगेतला मुख्य मादक आणि वेदनाशामक घटक म्हणजे टी. एच. सी. त्याला उजेड, हवा आणि उष्णता तिन्ही सोसत नाहीत. लंडनच्या फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली याचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत मोठा शत्रू निघाला उजेड, आणि तोही थेट ऊन नव्हे, नुसता उजेड. द्रवात विरघळवलेल्या अर्काचे त्याने विशेष नुकसान होते. अंधारात ठेवूनही हवा लागत राहिली, तर टी. एच. सी. चे हळूहळू कॅनाबिनॉल बनते, आणि त्याचा जोर फारच कमी. मात्र काळजीपूर्वक बनवलेला माल अंधारात, साध्या तपमानाला एक ते दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो, असाही त्यांचा निष्कर्ष होता. फक्त त्यांचे साधे तपमान म्हणजे २० अंशांच्या आसपासचे. आपल्याकडे ते डिसेंबरच्या पहाटे असते!

अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातल्या रॉस आणि एलसोहली यांनी १९९९ साली साठवणीतल्या गांजाचे आकडे दिले. साध्या तपमानाला ठेवलेल्या मालातले टी. एच. सी. वर्षभरात सरासरी १७ टक्के, दोन वर्षांत २७ टक्के आणि चार वर्षांत ४१ टक्के घटले. ही झाली कोरड्या वनस्पतीची गोष्ट. पत्र्याखालच्या खिडकीतल्या, रोज उघडल्या जाणाऱ्या बाटलीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दिशा कळते.

आता माझा खरा राग लेबलवर आहे. बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेले असते, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे'. थंड म्हणजे किती? ॲलोपॅथीच्या औषधांसाठी नियमांत थंड जागेची व्याख्या आहे, १० ते २५ अंश. मे महिन्यात आमच्या भागात पारा ४४ च्या पुढे जातो. तेव्हा कूलर नसलेल्या घरात २५ अंशांची जागा कुठून आणायची? माठाच्या पोटात? शिवाय लेबलवरची मुदत ही बंद बाटलीची असते. झाकण उघडले की हवा आत गेली, आणि बाटली जसजशी रिकामी होते तसतशी आतली हवा वाढते. उघडल्यावर किती दिवसांत संपवावी, हे माझ्या पाहण्यातल्या विजयेच्या एकाही बाटलीवर छापलेले नव्हते.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. परदेशात सॅटिव्हेक्स नावाचा तोंडात मारायचा फवारा मिळतो. तो उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचा, उघडल्यावर २५ अंशांखाली, आणि १० मि. ली. ची बाटली ४२ दिवसांत संपवायची, असे स्पष्ट सांगितलेले असते. मुलांच्या अवघड फिट्सवर अमेरिकेने २०१८ साली मान्य केलेले एपिडिओलेक्स तिळाच्या तेलातच असते. ते उघडल्यावर १२ आठवड्यांनी उरलेले टाकून द्यायचे. आपल्या नियमांनुसार भांगेच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना हिंदी-इंग्रजीत सक्तीची आहे. तिच्याशेजारी अंशांचा आकडा आणि उघडल्यानंतरची मुदत मराठीत छापायला किती शाई लागेल?

चूर्णांचीही तीच कथा. जातीफलादी चूर्णात भांग पडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अख्ख्या वनस्पतीवर राळेच्या बारीक ग्रंथी असतात. त्या शाबूत असतील तर घट्ट बुचाच्या बाटल्यांसारखे काम करतात. कुटून चूर्ण केले की त्या फुटतात आणि हवा आत शिरते. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी कमी होते असे शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे. आजचा डबा मात्र दोन वर्षांची मुदत मिरवतो. हवाबंद डब्याचा फायदा मी नाकारत नाही, पण डबा फोडल्यावर मी शार्ङ्गधराचे ऐकतो.

तोपर्यंत घरी काय करावे? तेलाची बाटली मूळच्या गडद काचेतच राहू द्यावी, प्लास्टिकमध्ये ओतू नये. ती बुच घट्ट लावून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवावी. तेल घट्ट झाले तर घेण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवले की पुरे, गॅसजवळ नेऊ नये. फ्रीज नसेल तर मधल्या खोलीतल्या कपाटात, तळाच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात. चूर्ण मात्र फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्याला दमट हवेचे पाणी सुटते. बाटली लहानच घ्यावी, स्वस्त पडते म्हणून मोठी नको. घरात लहान मुले असतील तर डब्याला कुलूप हवेच. आणि दुकानदाराने बाटली काचेच्या शोकेसमधून, उन्हातून काढून दिली, तर सरळ दुसरी मागावी.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे औषध लागू पडेनासे झाले तर थेंब स्वतः वाढवू नका, बाटली घेऊन वैद्याकडे जा. आणि वाढवलेल्या मात्रेवर असताना नवी बाटली उघडायची वेळ आली, तर पहिला थेंब घेण्याआधी विचारा. बहुधा खाली उतरूनच सुरुवात करावी लागते.

अप्पांना मी पुन्हा चार थेंबांवर आणले, आठवड्याने सहावर. सूनबाईंनी बाटलीला चिकटपट्टी लावून तीवर लिहिले आहे, 'उघडली २ जून'. बाटली आता फ्रीजमध्ये असते. आठवण राहावी म्हणून देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत त्यांनी रिकामी बाटली ठेवली आहे.