विश्लेषण: पाण्यातला ऑक्सिजन घटला की शिंपल्यांचं काय होतं?

उन्हाळ्यात मेलेले मासे पाण्यावर तरंगू लागले की त्यांचे फोटो लगेच व्हायरल होतात. त्याच वेळी तळाच्या गाळात शिंपलेही गुदमरत असतात. ते तरंगत नाहीत, म्हणून कुणाला दिसत नाहीत.

परभणी जिल्ह्यातलं वालूर सेलू तालुक्यात येतं. याच तालुक्यातून वाहणारी दुधना पुढे पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. गोदावरी खोऱ्यात लॅमेलिडेन्स नावाचे गोड्या पाण्यातले शिंपले आढळतात.

ऑक्सिजन कमी का होतो?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना जेमतेम ७. नदी आटून डोह उरले आणि त्यात सांडपाणी, खतं मिसळली की शेवाळ माजतं. ते दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच वापरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे आणि जलचरांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा.

शिंपल्याच्या शरीरात काय घडतं?

शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळून ऑक्सिजन आणि अन्न दोन्ही मिळवतो. ऑक्सिजन फारच घटला की तो कवच मिटून घेतो. हृदयाचे ठोके मंदावतात, खाणं थांबतं. शरीर साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ऑक्सिजनशिवाय थोडी ऊर्जा बनवतं. पण त्यात आम्ल साचतं. ते शमवायला स्वतःच्याच कवचातलं कॅल्शियम वापरलं जातं. थोडक्यात, घराच्या भिंती खरवडून जीव वाचवायचा. हे काही काळ निभतं. लांबलं तर वाढ खुंटते, मादी कल्ल्यांत सांभाळलेल्या अळ्या अकाली सोडून देते आणि अखेर शिंपला मरतो.

आपल्याला फरक काय पडतो?

शिंपले पाण्यातलं शेवाळ आणि बारीक कण गाळतात. ते गेले की पाणी आणखी गढूळ होतं. शिवाय त्यांच्या अळ्या माशांच्या अंगाला चिकटून वाढतात. म्हणजे मासे मेले की शिंपल्यांची पुढची पिढीही अडचणीत येते. तलावात मत्स्यबीज पुन्हा सोडता येतं. शिंपल्यांचं बीज सहसा कुणी सोडत नाही.

मोजायचं कधी?

दुपारी, पृष्ठभागावरचं पाणी तपासलं तर आकडा ठीक दिसू शकतो. खरी कसोटी पहाटेची आणि तळाजवळची. शिंपले तिथेच राहतात.