रुपयांत देणार की युरोत?



या पानावर आपण एरवी कांद्यावरचा करपा, द्राक्षावरची भुरी, नाहीतर विहिरीच्या अनुदानाची कागदपत्रे असे विषय वाचता. आजचा विषय थोडा बांधापलीकडचा आहे. पण जिल्ह्यातून शेतकऱ्यांचे गट परदेशी अभ्यास दौऱ्याला जातात, सरपंच मंडळी जातात, कुणाची मुलगी तिकडे शिकायला असते, कुणाचा पोरगा दुबईत कामाला असतो. परदेशात पैसे देताना आणि तिकडून पैसे घेताना आपल्या खिशाला जी गुपचूप चाट बसते, तिच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. म्हणून मीच बोलतो. या प्रकरणात पहिली चूक माझीच आहे.

२०२४ च्या सप्टेंबरात एका शेतकरी गटाबरोबर मी नेदरलँडला गेलो होतो. आल्समीरचा फुलांचा लिलाव, वाखेनिंगेनचे कृषी विद्यापीठ, काचेच्या घरांतले टोमॅटो असा भरगच्च कार्यक्रम होता. जाण्याआधी दोन दिवस आमची तयारी घेतली गेली. थंडीचे कपडे, जेवण, शाकाहारी मंडळींची सोय, पासपोर्ट कुठे ठेवायचा, सगळे सांगून झाले. पैशाचे काय, हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितलेही नाही. मी गटाचा प्रमुख, मलाही सुचले नाही.

ॲमस्टरडॅमला उतरल्यावर रस्त्यावरच्या एका एटीएमवर मी कार्ड घातले आणि ३०० युरो मागितले. पडद्यावर प्रश्न आला. इतके रुपये कापले जातील, हे रूपांतर मान्य आहे का? खाली दोन बटणे, मान्य आणि अमान्य. मला वाटले, अमान्य केले तर व्यवहारच रद्द होणार आणि कार्ड आत अडकले तर परमुलखात कुठे शोधायचे? शिवाय आकडा रुपयांत दिसतोय म्हणजे आपल्या सोयीचेच असेल. मी मान्य दाबले. मागे उभे असलेले आमचे चौघे द्राक्ष बागायतदार म्हणाले, "साहेबांनी जे दाबलं तेच आपणही दाबू." आणि त्यांनीही दाबले.

आता हिशोब बघा. आकडे सोपे जावेत म्हणून युरोचा त्या दिवसाचा भाव ९० रुपये धरू. ३०० युरोचे झाले २७,००० रुपये. असे यंत्र स्वतःच्या भावाने रूपांतर करते. समजा त्याने ९९ चा भाव लावला, तर होतात २९,७००. उलट मी 'अमान्य' दाबले असते, तर व्यवहार रद्द झाला नसताच. तो युरोत झाला असता, आणि रूपांतर कार्ड कंपनीच्या भावाने होऊन माझ्या बँकेने त्यावर आपला आकार घेतला असता. आपल्याकडच्या बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के घेतात. साडेतीन धरले तर ९४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १७० रुपये. एकूण २८,११५. म्हणजे बँकेचा आकार भरूनही मी १,५८५ रुपयांनी वाचलो असतो. डीएपीची गोणी १,३५० ला पडते. एका बटणापायी एक गोणी गेली आणि वर चहापाण्याचे पैसे. असे पाच जणांचे. शिवाय पैसे काढण्याचा बँकेचा सव्वाशे-दीडशेचा आकार दोन्हीकडे लागतोच. आणि काही बँका परदेशातल्या रुपयांतल्या व्यवहारावरही वेगळा टक्का लावतात, तो मला घरी आल्यावर खात्याच्या उताऱ्यात दिसला.

हा प्रकार फक्त एटीएमवर होत नाही. दुकानात, हॉटेलात कार्डाचे यंत्र पुढे करतात, तिथेही हाच प्रश्न येतो. कधीकधी काउंटरवरचा माणूस आपल्याला न विचारता स्वतःच रुपये निवडून टाकतो. म्हणून पिन टाकण्याआधी आकडा कोणत्या चलनात आहे ते पाहावे. रुपयांत दिसला तर "युरोत करा" म्हणून ठणकावून सांगावे. नेटवरून तिकडचे हॉटेल किंवा तिकीट काढतानाही तेच. देश कोणताही असो, त्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे. इस्रायलला शेकेल, थायलंडला बाट.

एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवी होती, कारण आपण बाजार समितीत वाढलेली माणसे. एखादा व्यापारी सांगतो, "तुमच्याकडून हमाली नको, तोलाई नको, काही नको." आपण खूश. पण तो भावातच क्विंटलमागे पन्नास-शंभर पाडून घेतो. परदेशी पैशाचा धंदा अगदी असाच चालतो. "शून्य आकार" अशी पाटी जिथे दिसेल, तिथे आधी भाव विचारावा. विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडक्यांवर तर हे हमखास. आकार किती, हा प्रश्नच अपुरा आहे. एवढे रुपये दिले तर हातात किती युरो पडतील, हा खरा प्रश्न. तो तीन ठिकाणी विचारा, मग ठरवा.

आता कार्डाचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे फक्त देशात चालतील अशाच स्थितीत मिळतात. परदेशातला वापर आपणच बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यावा लागतो, मर्यादा ठरवावी लागते आणि परत आल्यावर आठवणीने बंद करावा लागतो. बंद करायचे अशासाठी, की बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायच पैसे कापले जातात. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होते. जिल्हा बँकेचे रुपे किसान कार्ड तिकडच्या दुकानात चालेल या भ्रमात कुणी राहू नये. आमच्यातल्या एकाने तेवढेच आणले होते, त्याचा आठवडाभराचा खर्च बाकीच्यांनी केला. दोन वेगळ्या बँकांची कार्डे जवळ असावीत, शक्य तर त्यांतले एक आगाऊ पैसे भरलेले परकी चलनाचे कार्ड. अशा कार्डावर भरणा ज्या दिवशी केला त्या दिवशीचा भाव पक्का होतो, मग रुपया घसरला तरी आपल्याला फरक पडत नाही. मात्र युरो भरलेले कार्ड दुसऱ्या चलनात वापरले तर पुन्हा आकार बसतो.

मोबाइल क्रमांकाचे रोमिंग बंद करून गेलात तर ओटीपी येणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

"साहेब, आता यूपीआय सगळ्या जगात चालतं म्हणे." असे मला गावोगाव ऐकायला मिळते. सगळ्या जगात नाही, बाबांनो. भूतानमध्ये २०२१ पासून, श्रीलंका आणि मॉरिशसला फेब्रुवारी २०२४ पासून चालते. नेपाळ, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर इथे बऱ्याच दुकानांत चालते. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटापासून सुरुवात झाली, पण म्हणून पॅरिसच्या प्रत्येक टपरीवर क्यूआर कोड सापडेल असे नाही. आणि ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर वेगळा सुरू करावा लागतो. बरी गोष्ट ही की, पिन टाकण्याआधी रुपयांतला आकडा दिसतो. तो वाचा. इथे चहाच्या टपरीवर आपण न वाचता पिन टाकतो, ती सवय तिकडे नेऊ नका.

रोकडही थोडी हवीच. एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे चलन नेता येते. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्तीचे चलन घ्यायचे तर पैसे रोख देता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात. घेताना २० आणि ५० युरोच्या नोटा मागून घ्या. आम्हाला २०० च्या नोटा दिल्या होत्या आणि तिकडची दुकाने त्या घ्यायला नाखूश. उलट काही दुकानांत रोकडच नको, फक्त कार्ड. दोन्हीची तयारी ठेवावी. आणि तिकडे आकडे लिहायची तऱ्हा उलटी आहे. १.२५०,०० लिहिले असेल तर ते साडेबाराशे युरो, सव्वा युरो नव्हे. एका यंत्राची किंमत अशी वाचून आमच्यातल्या एकाने तिथेच खिशात हात घातला होता. त्यावर परतीच्या विमानापर्यंत हसणे चालले होते.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, तो आयकराचा. परदेशी सहलीचे पैसे सहल कंपनीला देताना त्यावर टीसीएस म्हणून कर आगाऊ घेतला जातो. आम्ही गेलो तेव्हा ७ लाखांपर्यंतच्या सहलीवर तो ५ टक्के होता. दौऱ्याचे अडीच लाख धरले तर माणशी साडेबारा हजार. मर्यादा आणि दर त्यानंतर बदलत आले आहेत, तेव्हा जाताना त्या वर्षीचा दर विचारून घ्या. पण हा काही खर्च नव्हे. आपल्या पॅनवर सरकारकडे जमा असलेला तो आपलाच पैसा आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून आपल्यातले बहुतेक जण विवरणपत्र भरतच नाहीत. आणि ते भरल्याशिवाय हा पैसा परत मिळत नाही. आमच्या गटातल्या किती जणांनी तो परत घेतला असे मी विचारत गेलो, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना असा काही कर कापला गेला हेच ठाऊक नव्हते. सहल कंपनीच्या पावतीत तो सरळ लिहिलेला होता. पावती कुणी वाचली नव्हती.

तिकडून येणाऱ्या पैशाचेही थोडे सांगतो. पोरगा आखातातून पैसे पाठवतो तेव्हा त्याला सांगा, पाठवण्याचा आकार बघू नकोस, गावच्या खात्यात किती रुपये पडतात ते दोन-तीन ठिकाणी बघ आणि मग पाठव. ज्यांची मुले परदेशात नोकरीला आहेत आणि ज्यांचे अनिवासी खाते आहे, त्यांना अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, अमिराती, ओमान अशा काही देशांच्या मोबाइल क्रमांकावरूनही यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ साली मिळाली आहे. बँकेत चौकशी करावी.

आणि आता आमच्या खात्याला आणि पंचायत समितीच्या साहेबांना दोन शब्द. दौऱ्याच्या खर्चाला शासन अनुदान देते, ते चांगलेच आहे. पण ज्या शेतकऱ्याने आयुष्यात परके चलन हातात धरले नाही, त्याला थंडीच्या टोपीची माहिती देऊन विमानात बसवायचे, हे बरोबर नाही. जाण्याआधीच्या तयारीत अर्धा दिवस पैशाचा ठेवा. बँकेचा माणूस बोलवा, एक कर सल्लागार बोलवा. परत आल्यावर महिनाभरात गटाला पुन्हा एकत्र बसवून विवरणपत्रे भरून घ्या. त्याला वेगळ्या निधीची गरज नाही, तालुक्याच्या सभागृहाची किल्ली पुरे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही गावातून कोण बाहेर चालले आहे याची नोंद ठेवून निरोप द्यावा.

माझ्या त्या ३०० युरोंची पावती मी टाकून दिलेली नाही. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. पडद्यावरचा तो प्रश्न, यंत्राने लावलेला भाव आणि कापलेले रुपये सगळे तीवर छापलेले आहे. दौऱ्याला निघणाऱ्याने कार्यालयात येऊन ती बघून जावी. सोमवारी तालुक्याचा बाजार असतो, त्या दिवशी मी जागेवर सापडतो.