दयेआधी ज्ञान

स्कॉटलंडच्या डोंगराळ कुरणांत मेंढ्या राखण्यासाठी जोपासलेला कॉली हा श्वान बुद्धिमान आणि प्रेमळ. मात्र त्याच्या देहात एक अदृश्य उणीव अनेकदा वंशपरंपरेने उतरते. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर लोटणारे प्रथिन एमडीआर-१ या जनुकामुळे तयार होते. अमेरिकेतील तपासण्यांत सुमारे ७० टक्के कॉली श्वानांमध्ये या जनुकाची किमान एक प्रत सदोष आढळली आहे. अशा श्वानास खरजेवरील आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा दिल्यास औषध मेंदूत साचते. तो अडखळतो, लाळ गाळतो, बेशुद्ध होतो, प्रसंगी प्राणही गमावतो. घरात जुलाबासाठी ठेवलेली लोपेरामाइडची गोळीही त्याला घातक ठरू शकते. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधनाने हे कारण उलगडले. आता गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरूनही जनुकतपासणी होते. ती आयुष्यात एकदाच पुरते.

हेतू दयेचाच असतो, तरी अजाणता हिंसा घडते. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधी स्थान दिले, त्याचे मर्म येथे उमगते. मुक्या जीवाला औषध देण्यापूर्वी पशुवैद्यास विचारणे, हीदेखील जीवदयाच होय.