हेलसिंकीत मॅटच्या कडेला आपले कोणी नव्हते

१/ गेला धागा सिद्धगडाचा होता. २ जानेवारी १९४३ रोजी त्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले, तो इतिहास आपण पाहिला. त्यातला एक तपशील आज पुन्हा हवा आहे. रानात उतरण्यापूर्वी कोतवाल वकील होते आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. म्हणजे खुर्ची त्यांच्याकडे होती. ती कशासाठी असते, याविषयी त्यांचा गोंधळ नव्हता.

आजचा धागाही खुर्चीचाच आहे. मात्र या खुर्च्या खेळाच्या आहेत.

२/ भात कापून झाले, शेते रिकामी झाली की मुरबाड-शहापूर पट्ट्यात चुन्याच्या रेषा आखून कबड्डी रंगते. सिद्धगडाच्या पायथ्याचा पोरगा गुडघे फोडून घेत चढाई शिकतो. तो तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि तिथून देशाकडून खेळेल की नाही, हे शेवटी एका बैठकीत ठरते. त्या बैठकीत बसणारी माणसे कोण, त्यांना तिथे कोणी बसवले आणि उठवणार कोण, हे त्या पोराला ठाऊक नसते. आपल्यालाही सहसा नसते. आपल्याला पदकवीरांची नावे पाठ असतात; कार्यकारिणीची कोण पाठ करतो?

३/ या कहाणीचा आरंभ पुण्यात होतो, आणि तो सुंदर आहे. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची आणि पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी कुटुंबांतली मुले अनवाणी धावत होती. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या आसपास पोहोचतात, हे दोराबजींनी हेरले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून सहा जणांचा चमू गेला तो त्यांच्या पुढाकाराने, आणि खर्चाचा मोठा भार त्यांनी स्वतः उचलला. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

४/ याच निवडीच्या वेळचा एक किस्सा सांगितला जातो. शंभर मीटर धावायला किती वेळ लागावा, असे निवडसमितीतल्या एका सन्माननीय सदस्यांना विचारले. ते म्हणाले, एक मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत कितीही. इथे हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो हे कळल्यावर ते थक्क झाले!

हसण्यासारखा किस्सा आहे खरा. पण त्या गृहस्थांना निदान थक्क तरी होता आले. पुढच्या शंभर वर्षांत खुर्चीवरच्या अनेकांना तेवढीही गरज भासली नाही.

५/ १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यानंतरची यादी इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखांसह वाचावी. १९२८ ते १९३८ पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग. १९३८ ते १९६० त्यांचे पुत्र यादविंद्रसिंग. १९६० ते १९७५ दुसरे पुत्र भालिंद्रसिंग, आणि १९८० ते १९८४ पुन्हा तेच. संस्थाने विलीन झाली, राज्यघटना आली, प्रौढ मतदानाने सरकारे बदलली. देशाच्या ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद मात्र जवळजवळ अर्धशतक एकाच घरात राहिले. आपण पेशवाईतल्या वंशपरंपरागत पदांवर तावातावाने वाद घालतो. ही तर प्रजासत्ताकातली गोष्ट आहे.

६/ आता खाशाबा जाधव. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवडीच्या वेळी एका गुणाच्या फरकाने त्यांना डावलण्यात आले. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकून दाखवली. महाराजांनी ऐकले, हे त्यांचे श्रेय. ते काढून घेण्याचे कारण नाही. परंतु न्याय मिळवण्यासाठी राजापर्यंत पोहोचावे लागणे, ही व्यवस्था नव्हे. त्या साली असे किती मल्ल घरीच राहिले असतील, ज्यांना राजाचा दरवाजा कुठे आहे हेच माहीत नव्हते?

७/ निवड झाली, पण पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. उरलेली रक्कम लोकवर्गणीतून जमली. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून आलेल्या पैशांनी खर्डेकरांचे घर सोडवले.

थोडे थांबून हे पाहा. ज्याने घर गहाण टाकले, त्याच्याकडे राष्ट्रीय संघटनेतली खुर्ची नव्हती. ज्यांच्याकडे खुर्च्या होत्या, त्यांच्यापैकी कोणाचे घर गहाण पडले नाही.

८/ आणि हेलसिंकीतला तो प्रसंग. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची दमछाक करणारी लढत झाली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो नियम मांडून हरकत घ्यायला तिथे एक भारतीय अधिकारी हवा होता. त्या घटकेला मॅटजवळ एकही नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रौप्य वा सुवर्ण मिळालेच असते, असा दावा मी करत नाही. इतिहासात ‘असते तर’ला किंमत नाही. पण नियमाने दिलेला अर्धा तास खाशाबांच्या हक्काचा होता, आणि तो मागणे हेच पदाधिकाऱ्याचे काम होते. खेळाडूला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधल्या अपघाती मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. गैरहजर पदाधिकाऱ्यांना कोणी जाब विचारला, याची मात्र कुठेही चर्चा नाही.

९/ इथे एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. खेळाला पैसा लागतो, मैदान लागते, मंत्रालयात शब्द टाकणारा माणूस लागतो. वजनदार नेतृत्वाशिवाय संघटना चालत नाहीत. दोराबजी नसते तर अँटवर्प झाले नसते, हे तर मीच वर लिहिले आहे.

मान्य. पण आश्रयदाता आणि कारभारी ही दोन वेगळी माणसे आहेत. आश्रयदाता देतो, कारभारी हिशेब देतो. आपल्याकडे दोहोंची गल्लत झाली आणि फार सोयीची ठरली. ‘मी खेळासाठी इतके केले’ असे म्हणणाऱ्याला मग ‘निवडणूक कधी?’ असे विचारणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. खर्डेकरांनी घर दिले आणि बदल्यात काही मागितले नाही. तो आश्रय होता. चार-चार मुदती खुर्ची न सोडणे याला दुसरे नाव आहे.

१०/ आपल्या मातीतल्या खेळाकडे वळू. कबड्डीला नियमांत बसवले ते मुख्यतः मराठी माणसांनी. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम छापले आणि अखिल भारतीय स्पर्धा भरवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके केली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी तर आयुष्यच या खेळाला दिले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

११/ या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचे काय झाले? राजस्थानातले राजकीय नेते जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून पाव शतकाहून अधिक काळ अध्यक्ष होते. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. हे श्रेय त्यांच्या खात्यावर लिहू. पण पुढे ते स्वतः तहहयात अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी आल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही नेमणुका रद्द ठरवल्या आणि महासंघ प्रशासकाच्या हाती गेला. ‘तहहयात’ हा शब्द जहागिरीच्या सनदेत शोभतो. क्रीडासंघटनेच्या घटनेत तो आला कुठून?

आणि प्रशासक आल्यावर सारे सुरळीत झाले, असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे कारभार सोपवण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. साडेसहा वर्षे! कबड्डीपटूची उमेदीची कारकीर्द साधारण तेवढीच असते.

१२/ त्याच ऑगस्ट २०१८ मधली दुसरी बातमी अधिक बोचरी आहे. जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारतीय महिला कबड्डी संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. इराणच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवलेली ही प्रशिक्षक. भारतीय संघाची जबाबदारी आपल्याला मिळाली नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. पराभव खिलाडूपणे घ्यावा हे खरे. पण तो आपल्याच घरून गेलेल्या विद्येने झाला. घरात ती विद्या कोणाला दिसली नाही, कारण घरातली माणसे खुर्च्यांच्या दाव्यांत गुंतलेली होती.

१३/ पदाधिकाऱ्यांच्या चुकांचा दंड खेळाडू भरतो, याची आणखी दोन उदाहरणे. लांबण लावत नाही. पुण्याचे सुरेश कलमाडी १९९६ पासून पंधरा वर्षे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्यावरील आरोपांची न्यायालयीन बाजू हा वेगळा विषय आहे. पण ते गेल्यावर संघटनेने निवडणुकीचा जो घोळ घातला, त्यामुळे आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारताला निलंबित केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपले तीन खेळाडू तिरंग्याविना चालले. ऑगस्ट २०२३ मध्ये कुस्ती महासंघाने वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून जागतिक संघटनेने त्यालाही निलंबित केले. अंतिम पंघालने बेलग्रेडला जागतिक कांस्यपदक जिंकले ते तटस्थ खेळाडू म्हणून. झेंडा हरवला मुलांचा. पदाधिकाऱ्यांच्या गाडीवरचा दिवासुद्धा गेला नाही.

१४/ आता वर्तमान. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू. खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण. आणि सर्वांवर राष्ट्रीय क्रीडा मंडळ. महासंघांना मान्यता देणे, ती काढून घेणे, गरज पडल्यास हंगामी कारभारी नेमणे, हे अधिकार या मंडळाकडे. कायदा स्वागतार्ह आहे. परंतु आपण इतिहासवाले. आपण आधी पाहायचे ते खुर्चीवर कोण बसणार हे.

१५/ मंडळाच्या सदस्यांना अनुभव कशाचा असावा? कायदा सांगतो: लोकप्रशासन, क्रीडा प्रशासन, क्रीडा कायदा आणि संबंधित क्षेत्रे. ‘खेळणे’ त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. ‘संबंधित’ या शब्दात मावले तर मावले. नावे सुचवणाऱ्या समितीत कोण? एक वरिष्ठ सचिव, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे महासंचालक, महासंघांतली मोठी पदे भूषवलेले दोन क्रीडा प्रशासक आणि एक पुरस्कारप्राप्त नामवंत खेळाडू किंवा प्रशिक्षक. नेमणूक करणार केंद्र सरकार. म्हणजे ज्या वर्गाच्या कारभारामुळे हा कायदा करावा लागला, त्या वर्गाच्या वाट्याला दोन मते. आखाड्याच्या वाट्याला एक.

१६/ यावर उत्तर येईल की खेळाडूला कारभार कळत नाही. शंभर मीटरला दोन मिनिटे लागतात असे समजणाऱ्याला निवडसमितीवर बसवताना ही शंका कोणाला आली नव्हती. आणि माझे म्हणणे केवळ खेळाडू बसवा इतकेच नाही. खेळाडूही खुर्चीला चिकटतात, कृतघ्न होतात, गटबाजी करतात. मागणी याहून साधी आहे. मंडळाच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त जाहीर व्हावे. कोणत्या सदस्याने कोणत्या महासंघाच्या बाजूने मत दिले, ते नावासकट कळावे. परदेशी स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने, आपण कोणत्या सामन्याला मैदानावर हजर होतो आणि कोणती हरकत नोंदवली, याचा लेखी अहवाल परतल्यावर द्यावा. माहिती अधिकाराची कक्षा सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरती ठेवली आहे. त्यामुळे देशातली सर्वांत श्रीमंत क्रिकेट संघटना बाहेर राहते. ती कक्षाही वाढवावी, कारण संघ ‘भारत’ या नावाने उतरतो, मग पैसा कोणाचाही असो.

१७/ अशा अहवालांची सक्ती १९५२ मध्ये असती, तर हेलसिंकीला गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला एक ओळ लिहावी लागली असती: खाशाबा जाधवांची मामेदबेयोव्हशी कुस्ती लागली, तेव्हा मी अमुक ठिकाणी होतो.