पंक्तिभेद गेला, पाकभेद केव्हां जाणार?

कोण कोणाच्या पंक्तीस बसतो यावरून समाजाची खरी घडण ओळखावी, हें आमच्या वाचकांस नवें नाहीं. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून केवढें ग्रामण्य माजलें व न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें, हा इतिहास सर्वश्रुत आहे. हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. केरळांत चेराई येथें १९१७ सालीं सहोदरन अय्यप्पन यांनीं मिश्रभोजन घडवून आणिलें, तेव्हां अस्पृश्य मानलेल्या पुलय जातीचें नांव लावून लोकांनीं त्यांस हिणविलें. पुढें आपल्याकडे समतानंद अनंत हरि गद्रे यांनीं झुणका-भाकरीचा सत्यनारायण घालून सर्व जातींस एका पंगतीस बसविलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें तर अस्पृश्यताच नष्ट केली.

आज देशांतील सर्वांत मोठें सहभोजन शाळेच्या ओसरीवर रोज दुपारीं होतें. सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला. प्राथमिक वर्गांतील मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें मिळावीं असें प्रमाण ठरलेलें आहे. त्याची निकड किती आहे हें पाहणें असल्यास २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी पाहावी. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलें व पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या.

पंगत एक झाली खरी. परंतु चुलीपाशीं कोण उभें राहावें हा प्रश्न सुटला काय? स्वयंपाकी नेमतांना दलित व आदिवासी यांस अग्रक्रम द्यावा, असें न्यायालयानें २००४ सालींच सांगितलें. तरीही उत्तराखंडांत चंपावत जिल्ह्यांतील सुखीढांगच्या शाळेंत डिसेंबर २०२१ मध्यें दलित बाईच्या हातचें अन्न उच्चवर्णीय मुलांनीं नाकारलें व त्या बाईसच कामावरून दूर करण्यांत आलें. बभ्रा झाल्यावर तिला पुन्हां घेतलें. मुलें हा विटाळ जन्मतः घेऊन येत नाहींत. तो त्यांस घरींच शिकविला जातो. स्वच्छतेची सबब कोणी पुढें करील, तर आमचें उत्तर असें कीं, स्वच्छता हात धुण्यानें येते, जातीनें नव्हे.

यावर उपाय काय? आमच्या मतें, केवळ एकत्र जेवणें पुरेसें नाहीं. एकत्र रांधलें पाहिजे. प्रत्येक शाळेंत आठवड्यांतून एक तास पाकशिक्षणास द्यावा, मुलगे व मुली दोघांसही द्यावा, आणि तेथें गुरुपद शाळेच्या स्वयंपाकीणबाईस द्यावें. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तींतील लोह अधिक अंगीं लागतें, जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी लागतें, मटकीस मोड कसे आणावे, या गोष्टी जिच्या तोंडून मूल शिकेल, तिच्या हातचें खाण्यास तें कशास कचरेल?

व्यापारी बंधूंस एक निराळी विनंति आहे. लग्नकार्याच्या अथवा वाढदिवसाच्या निमित्तानें शाळेंत मुलांस जेवण देण्याची तिथिभोजनाची प्रथा सरकारनेंही उचलून धरिली आहे. ती स्तुत्यच होय. परंतु पेढ्यांची टोपली नोकराहातीं धाडून दुकानाच्या गादीवर बसून राहण्यांत दान घडतें, ऐक्य घडत नाहीं. सहकुटुंब शाळेंत जावें, आपलीं मुलें त्याच पंगतीस बसवावीं आणि शाळेंतील बाईनें वाढलेला वरण-भात सर्वांदेखत खावा. यास खर्च कांहींच नाहीं. धैर्य मात्र लागतें. तेवढें धैर्य दाखविण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनीं समतेच्या सभांस अध्यक्ष म्हणून जाणें तूर्त बंद ठेवावें, हें बरें.